पावसाळ्यात हाती आलेला अशक्त लेपर्ड गेको: आधी पाणी, मग तपासणी, मग खाणं

कोपरखैरण्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. इमारतीतले भाडेकरू जागा सोडून गेले आणि त्यांचा लेपर्ड गेको, म्हणजे हौसेनं पाळली जाणारी एक पाल, मागेच राहिला. वॉचमनकाकांनी तो डब्यासकट एका ताईंच्या घरी आणून दिला. प्लॅस्टिकच्या डब्यात मत्स्यालयातली बारीक वाळू आहे, वर लाल बल्ब टांगलेला आहे. रंग फिकट केशरी, ठिपके जवळजवळ नाहीत. शेपटी बारीक झाली आहे, बोटांवर जुनी कात चिकटली आहे, एक डोळा बहुतेक वेळ मिटलेला असतो आणि दोन दिवसांत त्यानं काही खाल्लेलं नाही. ताई विचारतात: ऊब किती द्यायची, भरवायचं काय, आणि जमलंच नाही तर येऊरच्या जंगलात सोडून द्यावा का?

ताई, येऊरला सोडू नका. पारसिकच्या डोंगरावरही नको आणि खारघरलाही नको. बाकी काही चुकलं तर निस्तरता येतं, हे येत नाही. लेपर्ड गेको मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ भागातला. प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं तेही आजच्या पाकिस्तानातल्या सॉल्ट रेंजच्या नमुन्यांवरून. आपल्याकडे वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पेटीत जन्मलेला, पेटीतच वाढलेला हा प्राणी जुलैतल्या येऊरमध्ये आठवडाभर टिकला तरी नवल. शिवाय तो सोबत कुठला रोग घेऊन जाईल ते सांगता येत नाही. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे परका प्राणी सोडणं कायद्यातही बसत नाही.

तुमचा गेको पाळीवच आहे हे रंगावरून कळतं. असा केशरी, बिनठिपक्यांचा रंग माणसानं निवडून निवडून काढलेला असतो. हे मुद्दाम सांगते, कारण महाराष्ट्रात याचे रानटी भाऊबंदही आहेत. युब्लेफॅरिस फस्कस ही प्रजाती गुजरात-महाराष्ट्रात आढळते आणि युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस ही २०१४ साली सातपुड्यातून नोंदली गेली. त्या तपकिरी-पिवळट, ठिपकेदार असतात, पिल्लांच्या अंगावर ठळक पट्टे असतात. गावाकडे त्यांना विषारी समजून ठेचतात. विष मुळीच नसतं. कुणाला दगडाखाली, शेताच्या बांधावर अशी पाल सापडली असेल तर ती घरी ठेवायची नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं आणि त्यांच्या ताब्यात द्यायची.

पाळीव गेकोचेही कागद असावेत. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि २०२४ च्या नियमांनी सायटीसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराच्या) परिशिष्टांतले परदेशी प्राणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदवणं सक्तीचं झालं. तुमच्याकडे पावती असणार नाही. म्हणून प्राणी कोणत्या तारखेला, कसा हाती आला, हे फोटोंसकट ठाणे वनविभागाला लिहून कळवा, याला ही नोंदणी लागू होते का आणि पुढे काय करायचं ते विचारा आणि त्याची पोच जपून ठेवा.

आता आजच्या रात्रीचं काम. तो वाळूचा डबा आणि लाल बल्ब दोन्ही बाजूला करा. कॅल्शियमची कमतरता असलेला गेको वाळू चाटतो, ती पोटात साचते आणि आतडं बंद होतं. मिटलेल्या डोळ्यातही तिचेच कण असू शकतात. बल्बनं डब्यातली हवा तापते, रात्रही उजेडात जाते आणि हा प्राणी तर संधिप्रकाशात हिंडणारा. घरातला एखादा मोठा, पारदर्शक, झाकणाचा डबा घ्या, साधारण ६० सेंटिमीटर लांबीचा. झाकणाला आणि दोन्ही बाजूंना भोकं पाडा. तळाशी स्वयंपाकघरातला साधा पांढरा टिश्यू अंथरा. लपायला दोन जागा द्या, प्रत्येक टोकाला एक. बुटाच्या खोक्याचा कापलेला तुकडाही चालतो. पाण्याचं भांडं उथळ हवं, बाटलीच्या झाकणापेक्षा जरा मोठं. डबा घरातल्या शांत खोलीत ठेवा; टीव्हीशेजारी किंवा फ्रिजवर नको.

टिश्यू कशासाठी? कारण पुढचे काही आठवडे तुम्हाला त्याची विष्ठा रोज बघायची आहे. वाळूत ती दिसत नाही. निरोगी गेकोची विष्ठा तपकिरी, घट्ट असते आणि तिच्या टोकाला पांढरा भाग असतो, तो म्हणजे लघवीतला घन अंश. हा पांढरा भाग पिवळा-नारिंगी आणि खड्यासारखा कडक असेल तर शरीरात पाणी कमी आहे. पातळ, घाण वासाची, न पचलेल्या किड्यांची विष्ठा असेल तर गोष्ट वेगळी, तिच्याकडे पुढे येते.

मग वजन. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. छोट्या डब्याचं वजन शून्य करून घ्या आणि गेको त्यात ठेवा. पूर्ण वाढलेला गेको साधारण ४५ ते ८० ग्रॅम भरतो, नर सहसा जड. आकडा वहीत लिहा आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच वेळेला पुन्हा घ्या. ‘जरा बरा दिसतोय’ या वाक्यावर मी कधीच विसंबत नाही, काट्यावर विसंबते. शेपटी ही त्याची अडीनडीची ठेव असते, चरबी तिथेच साठते. जाड शेपटीचा गेको दोन आठवडे जेवला नाही तरी घाबरायचं कारण नसतं. बारीक शेपटीच्या गेकोकडे मोडायला काही उरलेलं नसतं, म्हणून तुमच्या बाबतीत हातावर हात ठेवून बसता येणार नाही.

तरीही पहिले दोन-तीन दिवस किडे देऊ नका. माणसं इथेच घाई करतात. उपाशी, सुकलेल्या शरीरात एकदम भरपूर खाणं गेलं तर रक्तातले क्षार बिघडतात आणि जिवावर बेततं. न पचलेला किडा पोटात कुजतो ते वेगळंच. आधी पाणी. सकाळ-संध्याकाळ ड्रॉपरनं कोमट पाण्याचा थेंब नाकाच्या टोकाशी सोडा, तोंडात नाही. तो स्वतः चाटेल. जबडा उघडून पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं. तिसऱ्या दिवशी तो पाणी नीट चाटत असेल, अंगात धुगधुगी आली असेल, तर दोन छोटे किडे द्या. ते पचून विष्ठा झाली की मग पुढचे.

आता उबेचा प्रश्न, आणि इथे जरा सविस्तर सांगावं लागेल. इंटरनेटवर मिळणारे बहुतेक तक्ते थंड देशांतल्या घरांसाठी लिहिलेले असतात. तिथे खोली १८-२० अंशांवर असते, हवा हीटरनं कोरडी झालेली असते, म्हणून सगळा भर तापवण्यावर आणि ओलावा देण्यावर. आपल्याकडे जुलैत खोली आपोआप २७-२८ अंशांवर असते आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे. त्या तक्त्यांप्रमाणे वागलात तर तुम्ही ओल्यात ओल घालाल. ठाणे-नवी मुंबईत थंडीनं आजारी झालेला गेको मला क्वचित दिसतो. दमट, कोंडलेल्या पेटीत श्वास लागलेला, पोटाखालची कातडी लालसर होऊन सडू लागलेला गेको दर पावसाळ्यात दिसतो.

हवं काय? पेटीच्या एका टोकाला जमिनीचं तापमान ३१ ते ३३ अंश, दुसऱ्या टोकाला २४ ते २७. पोटाला ऊब मिळाली तरच अन्न पचतं. तो स्वतःहून इकडून तिकडे सरकत आपलं तापमान राखतो. थंड टोक आपल्या पावसाळ्यानं फुकटात दिलेलंच आहे. म्हणजे फक्त एका टोकाखाली, पेटीच्या तळाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाला पुरेल एवढी हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) लागते. आणि ती थर्मोस्टॅटशिवाय (तापमान ठरावीक आकड्यावर रोखणाऱ्या उपकरणाशिवाय) कधीच लावायची नाही. नुसती मॅट ४५ अंशांच्याही पुढे जाऊ शकते आणि गेको तापलेल्या जमिनीवरून वेळेत उठत नाही, पोट भाजून घेतो. थर्मोस्टॅट महागडा, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी म्हणून विकलेलाच हवा असं नाही. अंडी उबवायच्या यंत्राला लावतात तो डिजिटल थर्मोस्टॅट लॅमिंग्टन रोडला मिळतो. फक्त वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. त्याचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) मॅटच्या बरोबर वर, आतल्या तळाला चिकटवा. हवेत लोंबकळत ठेवलेला प्रोब खोलीचं तापमान सांगतो, पोटाखालचं नाही. तापणारे दगड म्हणून जे विकतात ते घेऊ नका, त्यांच्यावर भाजलेली पोटं मी बरीच पाहिली आहेत.

आर्द्रतेचं गणित अनेकांच्या लक्षात येत नाही. खोलीत २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल आणि तीच हवा ३२ अंशांपर्यंत तापली, तर तिची सापेक्ष आर्द्रता ६४ टक्क्यांच्या आसपास येते. पाणी तेवढंच, पण गरम हवा जास्त पाणी धरू शकते. म्हणजे एक कोरडं, उबदार टोक केल्यानं निम्मं काम होतं. उरलेलं काम हवा खेळती ठेवण्याचं. बंद काचेच्या टाकीत वरचं झाकण जाळीचं हवं, आणि शक्य असेल तर एका बाजूलाही जाळी. संगणकाचा छोटा पंखा हवा बाहेर फेकेल असा जाळीवर बसवला तर फरक लगेच दिसतो. मात्र त्याचा झोत गेकोच्या अंगावर येता कामा नये. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी पावसाळ्यात दिवसाचे काही तास तो ‘ड्राय’वर ठेवावा, २६-२७ अंशांवर. १८ वर लावून झोपणाऱ्यांच्या खोलीत पेटी नको. तापमान आणि आर्द्रता असे दोन आकडे दाखवणारा स्वस्त हायग्रोमीटर पेटीच्या आत ठेवा, भिंतीवर नाही. आपल्या शहरात मला ६० टक्क्यांच्या आत दिसलं की मी समाधानी असते. त्याच्या मूळ प्रदेशातले ३०-४० टक्के पावसाळ्यात गाठायचा हट्ट धरू नका.

मे महिना उलट. वरच्या मजल्यावरच्या घरात दुपारी खोलीच ३४ अंशांवर जाते. तेव्हा मॅट बंद. सलग ३५ च्या वर राहिलं तर गेको तोंड उघडं ठेवून धापा टाकतो, तसं दिसलं तर तो थांबून बघण्याचा विषय नाही. थंड टोकाला फरशीचा तुकडा ठेवा आणि पेटीच्या बाहेरून, कापडात गुंडाळलेली गार पाण्याची बाटली टेकवा. जानेवारीत रात्री आपल्याकडे पारा कधीकधी १६-१७ पर्यंत उतरतो, पण बंद खोलीत २१-२२ राहतं, ते निरोगी गेकोला चालतं. रात्री वीज गेली म्हणून आपल्या हवामानात काही बिघडत नाही. उगाच पेटीत मेणबत्त्या आणि गरम पाण्याच्या पिशव्या घालू नका.

इतक्या ओलाव्यात कात कशी अडकली, असं तुम्हाला वाटत असेल. बरोबर आहे शंका. भर पावसाळ्यात अडकलेली कात हवेमुळे क्वचित असते. ती आतून सुकलेल्या, कुपोषित शरीराची खूण असते. बहुतेक वेळा पाणी कमी, कधी अ जीवनसत्त्व कमी, कधी जंत. रानात हा प्राणी कोरड्या मुलखात राहतो खरा, पण दिवसभर बिळात असतो आणि बिळातली माती दमट असते. म्हणून त्याला पेटीतही एक ओलसर कोपरा हवा, बाकी सगळं कोरडं. श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या, बाजूला तो आत शिरेल एवढं भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा, आत ओला करून पिळलेला टिश्यू घाला आणि मधोमध ठेवा. पावसाळ्यात तो टिश्यू एक दिवसाआड बदलावाच लागतो, नाहीतर बुरशी येते. मॉस किंवा कोकोपीट सध्या नकोच.

बोटांवरची कात ओढू नका. जुनी कात अंगठीसारखी आवळत जाते, रक्त पोचत नाही आणि बोट गळून पडतं. पण जोरात ओढलीत तर बोट आजच जाईल. झाकणाला भोकं असलेल्या डब्यात कोमट पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल ठेवा. पाणी २८ ते ३० अंशांचं हवं, आपल्या मनगटाला ना गार ना गरम लागेल असं. त्यात गेकोला पंधरा-वीस मिनिटं बसवा. मग कानकोरणीचा कापूस ओला करून बोटाच्या मुळापासून टोकाकडे हलकेच लोळवा. सुटलं तेवढं सुटलं. राहिलेलं दुसऱ्या दिवशी. तीन-चार दिवसांत काम होतं. बोट काळं पडलेलं असेल, सुजलेलं असेल तर हात लावू नका, दाखवायला न्या.

डोळ्याला घरी फक्त एकच गोष्ट करायची: औषधाच्या दुकानात मिळणारं निर्जंतुक सलाइन, दिवसातून दोनदा, काही थेंब. घरातल्या पालीला पापण्या नसतात, याला असतात, आणि पापणीखाली कातीचा पापुद्रा किंवा वाळूचा कण अडकून बसतो. चिमटा लावू नका. घरात पडून असलेले माणसांचे डोळ्यांचे थेंब तर मुळीच नकोत. त्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं आणि बुबुळावर जखम असेल तर डोळा जातो. दोन दिवसांत उघडला नाही तर तपासावाच लागतो.

बारीक शेपटीमागे दोन कारणं असतात, आणि वरवर पाहून ती वेगळी ओळखता येत नाहीत. एक म्हणजे साधी उपासमार. भाडेकरू जायच्या घाईत असतील, महिनाभर कुणी लक्ष दिलं नसेल. दुसरं म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी. तो आतड्याच्या आवरणात राहतो, खाल्लेलं अंगी लागू देत नाही, आणि गेको खात असूनही काडीसारख्या शेपटीचा होतो. जंत असले तर औषधानं जातात, सुईसारखे बारीक जंत तर पाळीव गेकोत नेहमीचेच. क्रिप्टो जात नाही. औषधांनी दबतो, पूर्ण बरा होत नाही. म्हणून मी कुणालाही पहिल्या भेटीत ‘खाऊ-पिऊ घाला, होईल गुटगुटीत’ असं सांगत नाही.

हा परजीवी विष्ठेतून रोज बाहेर पडतोच असं नाही. त्यामुळे एका नमुन्यात सापडला नाही म्हणजे सुटलो, असं धरू नका. वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने द्या. ताजी विष्ठा स्वच्छ डबीत, टिश्यूचा ओलसर तुकडा सोबत, त्याच दिवशी प्रयोगशाळेत. विशिष्ट रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात किंवा पीसीआर करतात. डॉक्टरांना चाचणीचं नाव घेऊन विचारा, कारण नेहमीच्या जंततपासणीत हा सहज निसटतो. निकाल येईपर्यंत आणि त्यानंतरही, एकूण तीन महिने हा गेको विलगीकरणात. घरी दुसरा सरपटणारा प्राणी असेल तर चिमटे, भांडी, किड्यांचा डबा सगळं वेगळं, आणि याचं काम शेवटी करायचं. ब्लीचवर भरवसा ठेवू नका, नेहमीच्या प्रमाणातल्या ब्लीचनं क्रिप्टोच्या पुटी मरत नाहीत. फरशीचे तुकडे, पाण्याचं भांडं यांवर उकळतं पाणी ओता, तेच खरं. पुठ्ठा, लाकूड, टिश्यू सरळ फेकून द्या. आणि याला एकटेपणा येईल म्हणून जोडीदार आणू नका. लेपर्ड गेकोला सोबतीची गरज नसते. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात, दोन माद्यांतही एक दुसरीला खाऊ देत नाही.

खाणं. लेपर्ड गेको फक्त किडे खातो, तेही जिवंत, कारण हलणाऱ्या गोष्टीवरच तो झडप घालतो. वाळवलेले मीलवर्म (एका भुंगेऱ्याच्या अळ्या), जे माशांच्या आणि पक्ष्यांच्या दुकानांत बरणीत मिळतात, ते त्याच्या लेखी कचरा. पनीर, उकडलेलं अंडं, खिमा, भिजवलेली पोळी, फळाचे तुकडे, यातलं काहीही नाही. मला अनेकदा शाकाहारी घरांतून फोन येतात आणि शेवटी हळूच विचारतात की दुसरं काही चालणार नाही का. नाही चालणार. घरात जिवंत किडे पाळणं मनाला पटत नसेल तर त्यात कमीपणा काही नाही, पण मग गेको दुसऱ्या अनुभवी माणसाकडे द्यावा. त्याला हळूहळू उपाशी ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

मीलवर्म, सुपरवर्म आणि पाळलेले रातकिडे नवी मुंबईत पाळीव प्राण्यांच्या दुकानांतून आणि किडे वाढवणाऱ्या हौशी लोकांकडून मिळतात. मीलवर्म घरीही सहज वाढतात: गव्हाचा कोंडा, वर गाजराचा तुकडा, हवेशीर डबा. पावसाळ्यात कोंड्याला बुरशी आणि बारीक कोळीकिडे लागतात म्हणून थोडाच कोंडा घाला आणि वारंवार बदला. मीलवर्म पोट कुरतडून बाहेर येतात ही गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगेलच; तिच्यात तथ्य नाही. किड्याचा आकार गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. खायला घालण्याआधी एक-दोन दिवस किड्यांना चांगलं खाऊ घाला, गाजर, लाल भोपळा, पालेभाजी. उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल.

बरा झालेला मोठा गेको आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी पाच-सात किडे खातो. वाढतं पिल्लू रोज. तुमच्याकडचा सध्या एक दिवसाआड दोन-तीन, मग हळूहळू वाढवत. संध्याकाळी, दिवे मंद करून द्या. न खाल्लेले रातकिडे रात्रभर पेटीत सोडू नका, ते अशक्त गेकोलाच चावतात. चिमट्यानं किडा तोंडासमोर हलवून पाहा. तोंड उघडून कोंबू नका. पाच-सहा दिवस पाणी आणि ऊब नीट मिळूनही त्यानं एकही किडा घेतला नाही, किंवा वजन उतरतच राहिलं, तर नळीनं किंवा सिरिंजनं भरवण्याचा निर्णय डॉक्टरांचा.

घरातलं झुरळ पकडून देऊ नका, ते कुणाच्या घरचं झुरळं मारायचं जेल चाटून आलंय ते माहीत नसतं. शेतातले नाकतोडे फवारणीमुळे नकोत. मे-जूनमध्ये काजवे बघायला गेलेली मुलं बाटलीत काजवे भरून आणतात; गेकोच्या आसपासही नकोत, काजव्यातलं विष पालींच्या जातीच्या प्राण्यांना मारतं.

किड्यांमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं, हे उलटं प्रमाण सरळ करायचं तर प्रत्येक खाण्याला फॉस्फरसविरहित कॅल्शियम पावडर लावावी लागते. पिशवीत चिमूटभर पावडर आणि किडे घालून हलवायचं. डी-३ जीवनसत्त्व असलेली पावडर आठवड्यातून एकदा पुरे, पेटीवर कमी ताकदीची यूव्हीबी (अतिनील किरणांची) नळी लावली तर त्याहून कमी. माणसांच्या गोळ्या कुटून किंवा जनावरांचं पातळ कॅल्शियम चाटवू नका, प्रमाण हाताबाहेर जातं. कॅल्शियम फार दिवस कमी पडलं की जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, चालताना पोट जमिनीवरून उचलत नाही, बोटं थरथरतात. यातलं एखादं चिन्ह आहे का ते आजच बघा.

रंगांच्या हौसेपायी याच्या काही जातींत जन्मजात दोषही आले आहेत. एनिग्मा जातीचे गेको गोल गोल फिरतात, मान वाकडी करून वर पाहतात. लेमन फ्रॉस्ट जातीत कातडीच्या रंगपेशींच्या गाठी होतात, आणि २०२१ साली त्यामागचा जनुकीय दोषही शोधला गेला. तुमचा गेको किडा पकडताना नेहमी चुकत असेल, डोकं हलत असेल, तर चालतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

घरात काही पथ्यं पाळावी लागतील. गेकोच्या खोलीत मच्छर अगरबत्ती, लिक्विडची मशीन, धूप, फवारे बंद. त्यापेक्षा त्या पेटीवर बारीक मच्छरदाणी टाका. सोसायटीचं पेस्ट कंट्रोल ठरलं की त्या दिवशी पेटी दुसऱ्या घरी. लाल मुंग्या किड्यांच्या वासावर येतात आणि अशक्त गेकोला रात्रीत संपवतात, म्हणून पेटीचे पाय किंवा स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुलांना हात लावू द्या, पण बरा होईपर्यंत नाही, आणि कधीही शेपटीला धरून नाही. घाबरला तर शेपटी टाकतो, आणि याला तर आत्ता ती परवडणारच नाही. हात लावल्यानंतर साबणानं हात धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती अजिबात नको. पेटीतली भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत.

नर की मादी हेही बघून ठेवा: मागच्या पायांच्या मध्ये उलट्या ‘व्ही’च्या आकाराची ठळक छिद्रांची ओळ आणि शेपटीच्या मुळाशी दोन फुगवटे असले तर नर. मादी नराशिवायही निर्जीव अंडी घालते. बरी झाल्यावर तिचं पोट दोन्ही बाजूंना लांबट गोल दिसू लागलं आणि ती कोपरे उकरू लागली, तर ओलसर मातीचा डबा द्यायचा. अंडी अडकली तर जीव जातो.

डॉक्टरांकडे मात्र या आठवड्यातच जा. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर सरपटणारे प्राणी बघत नाहीत, आधी फोन करून विचारा. जवळ कुणी नसेल तर परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे, विष्ठेत रक्त, मागचे पाय लुळे, किंवा चार दिवसांत दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरणं, यातलं काहीही दिसलं तर आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी. नेताना छोटा, भोकं पाडलेला डबा, तळाशी टिश्यू, वरून सुती कापड. दुपारच्या उन्हात उभ्या रिक्षात किंवा गाडीत डबा सोडून उतरू नका. सोबत वजनांची वही, जुन्या पेटीचा फोटो, आणि त्या सकाळची विष्ठा डबीत घालून न्या. औषधांचे डोस मी इथे लिहीत नाही, कारण ते ग्रॅममधल्या वजनावर ठरतात आणि तुमच्या गेकोचं वजन अजून कुणीच घेतलेलं नाही.